वळिवड्याच्या कॅम्पातली काळी देवी : देश नव्हता तेव्हा पोलंड कुठं राहत होता?

पंचगंगाकाठ

माझ्या आजीचं माहेर वळिवडे, कोल्हापूरला अगदी लागून. १९४३ ते १९४८ या काळात तिथं पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं. पणजोबा कॅम्पात दूध घालायला जायचे आणि दहा-अकरा वर्षांची आजी त्यांच्या मागं मागं. ती सांगायची, "त्या बायकांच्याकडं एक देवी होती बघ. काळ्या तोंडाची, हातावर पोर घेतल्याली. आणि गालावर दोन वार. मी म्हटलं, ही आपल्या अंबाबाईची कोण?" ना त्यांना मराठी येत होतं ना हिला त्यांची भाषा, त्यामुळं ते वार कसले हे आजीला कधी कळलं नाही.

ती देवी म्हणजे चेन्स्तोहोवा शहरातल्या यास्ना गुरा मठातली मरियामाता, हे मला चाळिशीत कळलं. या माणसांना १९४०-४१ मध्ये स्टालिनच्या राजवटीनं पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. हिटलरनं रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली. मग इराण, तिथून भारत. एवढ्या वाटेत भांडी गेली, कपडे गेले, कितीतरी घरांत म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं गेली. तसबीर मात्र वळिवड्यापर्यंत आली. ती का आली, हे शोधायला मी पोलंडचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यातच अडकलो.

१७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया (त्या वेळचं जर्मन राज्य) आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड गिळला. त्यानंतर १२३ वर्षं, १९१८ पर्यंत, या नावाचा स्वतंत्र देशच नव्हता. राजा नाही, सैन्य नाही. शाळा आणि कचेऱ्या हळूहळू परक्या भाषेत गेल्या. प्रशियाचं सरकार प्रोटेस्टंट, झारचं ऑर्थोडॉक्स आणि ही रयत कॅथलिक, त्यामुळं धर्म हीच वेगळेपणाची खूण होऊन बसली. (ऑस्ट्रिया स्वतः कॅथलिक होता. तिथं गोष्ट वेगळी, ती सध्या बाजूला ठेवतो.)

मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती व्झेश्न्या या लहानशा गावची हकीकत. प्रशियाच्या ताब्यातल्या पोलिश शाळांत बाकी विषय आधीच जर्मनमध्ये गेले होते. धर्मशिक्षणाचा तास तेवढा पोलिशमध्ये उरला होता. १९०१ साली वरच्या वर्गांसाठी तोही जर्मनमध्ये करायचं ठरलं. मुलांनी जर्मन धर्मपुस्तिका हातात घ्यायला नकार दिला, जर्मनमध्ये विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देईनात. २० मे १९०१ रोजी शिक्षकांनी मुलांना छड्यांनी फोडून काढलं. रडण्याचा आवाज बाहेर गेला आणि आईबाप शाळेपाशी जमले. खटला झाला तो पालकांवर! पाच मुलांची आई नेपोमुत्सेना पियासेत्स्का हिला अडीच वर्षांची शिक्षा झाली. पण मुलं हटली नाहीत, आणि १९०६-०७ मध्ये असाच बहिष्कार शेकडो शाळांत पसरला.

गणित जर्मनमध्ये सोडवलं होतं त्या पोरांनी. इतिहास जर्मनमध्ये घोकला होता. देवाशी जर्मनमध्ये बोलायला मात्र ती तयार नव्हती. पोलंडला चर्चनं जिवंत ठेवलं असं मला वाटतं ते या प्रसंगामुळं. इथं जाणकार मंडळी आहेत, पटत नसेल तर जरूर सांगा.

रानवाटा

पहिल्यांदाच एवढं सविस्तर वाचलं. एक प्राथमिक प्रश्न. पोलिश लोक स्लाव, रशियनही स्लाव. मग हे कॅथलिक आणि ते ऑर्थोडॉक्स, असं का झालं?

पंचगंगाकाठ

@रानवाटा, राजकारण आणि सोयरीक. मिएश्को या राजानं ९६५ साली बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक भागातली, राजकन्या दोब्रावा हिच्याशी लग्न केलं आणि ९६६ साली बाप्तिस्मा घेतला. शेजारच्या जर्मन सरदारांना 'मूर्तिपूजकांना धर्म शिकवायला' म्हणून चढाई करायचं निमित्त उरलं नाही. शिवाय धर्म आला तो चेक वाटेनं. पुढं १००० साली ग्निएझ्नोला स्वतंत्र आर्चबिशपची गादी मिळाली, त्यामुळं इथलं चर्च जर्मन धर्मपीठाखाली गेलं नाही. किएव्हच्या व्लादिमिरनं ९८८ च्या सुमाराला कॉन्स्टँटिनोपलकडून दीक्षा घेतली. वीसेक वर्षांच्या अंतरानं दोन राजांनी दोन वाटा धरल्या, त्या आजही दिसतात.

तळटीप

लेख आवडला. व्झेश्न्याची हकीकत माहीत नव्हती. पण 'चर्चनं जिवंत ठेवलं' हे वाक्य असंच सोडता येणार नाही.

नोव्हेंबर १८३० मध्ये पोलिश लोकांनी झारविरुद्ध उठाव केला. तो चिरडला गेल्यावर जून १८३२ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी पोलिश बिशपांना पत्र पाठवलं. त्यात त्यांनी उठाव करणाऱ्यांनाच दोष दिला आणि प्रजेनं कायदेशीर सत्तेच्या, म्हणजे झारच्या, आज्ञेत राहावं असं बजावलं. पराभूत, हद्दपार झालेल्या कॅथलिक माणसांना त्यांच्या सर्वोच्च धर्मगुरूनं दिलेलं हे उत्तर. फाळणीच्या आधीही काही बिशप रशियाच्या पगारावर होते. १७९४ मध्ये सेनानी कोश्चुश्कोनं रशियाविरुद्ध उठाव केला, त्यात वॉर्सामध्ये अशा बिशपांना लोकांनी फासावर चढवलं. त्यामुळं कुठलं चर्च, हे सांगावं लागेल.

पंचगंगाकाठ

@तळटीप, मान्य, आणि मनापासून आभार. १८३२ चं पत्र मी वाचलं होतं. लिहिताना गाळलं, ते चुकलंच.

मग माझं म्हणणं दुरुस्त करून मांडतो. रोमची गादी नव्हे, बिशपांचा वाडाही नव्हे. गावचं चर्च, तिथला फादर, घरातली संध्याकाळची प्रार्थना, मे महिन्यात वाटेवरच्या क्रुसापाशी बायकांनी म्हटलेली मरियेची गाणी. १८६३ चा उठाव फसल्यावर झारनं पोलंडमधले बहुतेक मठ बंद केले आणि कित्येक फादर सायबेरियाला धाडले, ते याच थरातले होते. लोकांनी ज्यांना आपलं मानलं ते हे. बिशपही सगळे एका माळेचे मणी नव्हते. जर्मन चान्सेलर बिस्मार्कच्या चर्चविरोधी मोहिमेत आर्चबिशप लेदुहोव्स्की १८७४ पासून दोन वर्षं तुरुंगात होते.

वसईची लेक

मी जन्मानं कॅथलिक, त्यामुळं हा धागा दोनदा वाचला. एक गोष्ट राहून जातेय असं वाटतं.

त्या काळात मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) पोलिशमध्ये नव्हतीच, लॅटिनमध्ये होती. आमच्याकडंही तेच. माझ्या आजीच्या लहानपणी वेदीवरची भाषा लॅटिन. १९६० च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वेदीवर मराठी आली. आजी म्हणायची, त्याआधी देवळात (आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो) आम्ही फक्त गुडघे टेकायचो, बोलायचो घरी.

मग व्झेश्न्याच्या मुलांना इतकं का लागलं? कारण मिस्सा लॅटिन असली तरी प्रवचन, भक्तिगीतं, माळेची प्रार्थना, पापनिवेदन आणि लहान मुलांचं धर्मशिक्षण पोलिशमध्ये होतं. म्हणजे चर्चच्या अधिकृत विधीत त्यांची भाषा नव्हती. ती होती सामान्य माणसाच्या वाट्याला आलेल्या भागात. प्रशियानं नेमका तोच भाग हिसकावला. पापनिवेदनाचा विचार करा. माणूस आपली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगायला बसतो, तिथं उसनी भाषा कशी चालेल? आईनं झोपवताना शिकवलेली प्रार्थना मास्तर छडी घेऊन परक्या शब्दांत म्हणायला लावतो, हे मी माझ्या मुलाच्या जागी कल्पून पाहिलं आणि पुढं वाचवेना.

पंचगंगाकाठ

@वसईची लेक, हा प्रतिसाद मूळ लेखाहून मोलाचा आहे. माझ्या डोक्यात 'पोलिश मिस्सा' असंच चित्र होतं. धन्यवाद, ताई.

शाळामास्तर

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून या गोष्टीची दुसरी बाजू लिहितो. ती लिहिली नाही तर पोलंडच्या निम्म्या इतिहासावर अन्याय होईल.

पोलंड कायम असा एकधर्मी नव्हता. १२६४ चा कालिशचा कायदा ज्यूंना संरक्षण देतो. १५७३ साली वॉर्सामध्ये सरदारांनी एकत्र येऊन ठराव केला की धर्मभेदावरून आम्ही एकमेकांचं रक्त सांडणार नाही. आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल झाली होती, हे लक्षात घेतलं की या ठरावाची उंची कळते. कॅथलिक, ल्यूथरपंथी, कॅल्व्हिनपंथी, ऑर्थोडॉक्स, ज्यू आणि लिथुआनियातले मुसलमान तातार, एवढी माणसं एका राज्यात नांदत होती.

वळण आलं ते १६५५ मध्ये. प्रोटेस्टंट स्वीडननं जवळजवळ सगळा देश पादाक्रांत केला, पण यास्ना गुराचा मठ पडला नाही. महंत कोर्देत्स्की आणि मूठभर माणसांनी नोव्हेंबर ते डिसेंबर असा सुमारे चाळीस दिवस वेढा झेलला. लष्करी दृष्टीनं लहान घटना, पण देशाच्या मनावर परिणाम प्रचंड झाला. १ एप्रिल १६५६ रोजी ल्वुवच्या (आजचं युक्रेनमधलं ल्विव) कॅथीड्रलमध्ये राजा यान काझिमिएश यानं मरियेला 'पोलंडची राणी' म्हणून जाहीर केलं. त्याच शपथेत कुळांवरचा जुलूम दूर करीन असंही वचन होतं. राणीचा किताब राहिला, कुळांचं वचन हवेत गेलं. आणि १६५८ साली संसदेनं 'पोलिश बंधू' हा त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) न मानणारा ख्रिस्ती पंथ देशाबाहेर काढला. 'पोलिश म्हणजे कॅथलिक' हे समीकरण फाळणीच्या बरंच आधी, असं घडायला लागलं होतं.

त्याची किंमत विसाव्या शतकात दिसली. दुसऱ्या महायुद्धाआधी देशात सुमारे ३३ लाख ज्यू होते, दहातला एक माणूस. १९३६ साली कार्डिनल ह्लोंद यांनी आपल्या पत्रात ज्यूंना मारहाण करू नका असं सांगितलं, आणि त्याच पत्रात ज्यू समाज नीतिभ्रष्टता पसरवतो असंही लिहिलं. नाझींनी सुमारे ३० लाख पोलिश ज्यू मारले. मुख्य गुन्हेगार जर्मन, यात शंका नाही. पण १० जुलै १९४१ रोजी येद्वाब्ने गावात पोलिश शेजाऱ्यांनी ज्यू शेजाऱ्यांना धान्याच्या कोठारात कोंडून जाळलं. युद्ध संपल्यावर, ४ जुलै १९४६ रोजी, किएल्त्सेमध्ये एका मुलाला ज्यूंनी पळवल्याच्या खोट्या अफवेवरून ४२ जणांना मारलं. त्या अफवेच्या मागं ख्रिस्ती युरोपात शतकानुशतकं फिरलेली जुनी थाप होती, की ज्यू आपल्या विधींसाठी ख्रिस्ती मुलांचं रक्त काढतात.

व्झेश्न्याची छडी खाणाऱ्या मुलांवर माझंही प्रेम आहे. पण त्याच पोलंडमधल्या ज्यू मुलाला या गोष्टीत जागा कुठं?

वसईची लेक

@शाळामास्तर, तुमचं एकही वाक्य मी खोडणार नाही. येद्वाब्नेबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या रविवारी मला मिस्सेला बसवलं नव्हतं.

त्याच काळातल्या दोन बायका मात्र इथं नोंदवाव्यात. मदर माटिल्डा गेटर या फ्रान्सिस्कन धर्मभगिनीनं वॉर्साच्या आसपास आपल्या संस्थेच्या घरांमध्ये शेकडो ज्यू मुलं लपवली. आणि दुसरी झोफिया कोसाक, लेखिका, कट्टर कॅथलिक. तिनं ऑगस्ट १९४२ मध्ये चोरून छापलेलं एक पत्रक काढलं. वॉर्साच्या वस्तीतून ज्यूंना मरणाकडं नेत असताना जो गप्प राहतो तो खुन्याचा साथीदार होतो, असं त्यात होतं. त्याच पत्रकात तिनं हेही लिहिलं की ज्यूंबद्दलच्या आमच्या भावना बदललेल्या नाहीत, आम्ही त्यांना पोलंडचे शत्रूच समजतो. आणि तरी पुढं ज्यूंना वाचवणारी जी गुप्त समिती 'झेगोटा' या नावानं ओळखली गेली, तिची पायाभरणी करणाऱ्यांत ती होती. श्रद्धेनं तिच्या मनातला आकस काढला नाही आणि श्रद्धेनंच तिला गप्पही बसू दिलं नाही. मला ही बाई पूर्ण समजत नाही, पण तिला विसरताही येत नाही.

ओडरकाठी

नोकरीनिमित्त आठ वर्षं व्रोत्स्वाफमध्ये राहतोय. धागा बघून खाते उघडून लॉगिन केलं, खूप दिवसांनी.

माझं शहर १९४५ पर्यंत जर्मन होतं, ब्रेस्लाऊ. युद्धानंतर पोलंडची सीमा पश्चिमेला सरकली, जर्मन लोक हाकलले गेले आणि त्यांच्या रिकाम्या घरांत पूर्वेकडून, ल्वुवकडून, उखडलेले पोलिश लोक आले. इथं नदीकाठी कार्डिनल कोमिनेक यांचा पुतळा आहे. नोव्हेंबर १९६५ मध्ये पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहिलं, त्याचा मुख्य मसुदा यांचा. त्यातलं वाक्य : आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो. युद्ध संपून फक्त वीस वर्षं झाली होती, घरटी एक माणूस जर्मनांनी मारलेला. कम्युनिस्ट सरकारनं बिशपांना देशद्रोही ठरवलं, पण श्रद्धाळू लोकांनाही ते वाक्य घशाखाली उतरलं नाही. 'क्षमा करतो' एक वेळ ठीक, पण आम्ही कशाची मागायची? पोलंडच्या चर्चनं लोकांच्या भावनेला धरून पुष्कळ कामं केली. हे एक काम त्यांनी लोकांच्या भावनेविरुद्ध जाऊन केलं, म्हणून मला ते सगळ्यात मोठं वाटतं.

आता काळ्या देवीबद्दल. कार्डिनल विशिन्स्की १९५३ ते १९५६ कैदेत होते. सुटल्यावर त्यांनी मिएश्कोच्या बाप्तिस्म्याच्या १९६६ मधल्या सहस्राब्दीसाठी नऊ वर्षांचं व्रत जाहीर केलं आणि यास्ना गुराच्या तसबिरीची एक प्रत गावोगाव फिरायला लागली. गर्दी बघून सरकार हादरलं. १९६६ मध्ये पोलिसांनी तसबीर अडवून मठात परत नेली आणि बाहेर काढायला बंदी केली. लोकांनी काय करावं? रिकामी चौकट फिरवली. चौकट, त्यात काही नाही, शेजारी एक मेणबत्ती. सहा वर्षं गावोगाव त्या रिकाम्या चौकटीचं स्वागत झालं. १९७२ मध्ये प्रत मठातून गुपचूप बाहेर काढून पुन्हा फिरती केली. माझ्या घरमालकीणबाई तेव्हा शाळेत होत्या. त्या म्हणतात, खरी तसबीर आली त्या दिवसापेक्षा चौकट आली तो दिवस मला जास्त आठवतो.

रानवाटा

अंगावर काटा आला. पण कम्युनिस्टांनी चर्च सरळ बंदच का केली नाहीत?

ओडरकाठी

@रानवाटा, करून बघितलं त्यांनी जमेल तिथं. क्राकुवजवळ नोवा हुता हे पोलाद कारखान्याचं नवं शहर उभारलं, त्यात चर्चला जागा नव्हती. लोकांच्या दबावानं एक जागा दिली, तिथं क्रूस उभा राहिला, आणि एप्रिल १९६० मध्ये सरकार तो काढायला आलं तेव्हा कामगारांच्या बायकांनी अडवलं. दिवसभर दंगल झाली. कामगारांचं राज्य आणि रस्त्यावर त्याच्या विरोधात कामगार! शेवटी तिथलं चर्च लोकांनी स्वतः राबून बांधलं. १९७७ मध्ये त्याला आशीर्वाद देणारे कार्डिनल वोइतिवा पुढच्याच वर्षी पोप झाले.

२ जून १९७९, वॉर्साचा विजय चौक. पोप म्हणाले, "तुझा आत्मा उतरू दे आणि पृथ्वीचा चेहरा नवा कर. या भूमीचा!" त्यांनी सरकारविरुद्ध एक शब्द काढला नाही. पण त्या आठवड्यात लोकांना कळलं की आपण किती आहोत. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९८० मध्ये, ग्दान्स्कच्या गोदीत संप झाला. फाटकावर पोपचा फोटो आणि काळी मरिया, संपाचा पुढारी व्हावेन्साच्या कोटावर तिचाच बिल्ला. संपाच्या २१ मागण्यांत सर्व धर्मपंथांना प्रसारमाध्यमं खुली करा ही एक होती. त्याच सप्टेंबरपासून रविवारची मिस्सा रेडिओवर ऐकू यायला लागली. व्हावेन्सानं पुढं आपलं नोबेल पदकही यास्ना गुराला वाहिलं.

फादर पोपिएउश्कोंचं नाव घेतल्याशिवाय थांबवत नाही. वॉर्सातल्या आपल्या चर्चमध्ये ते दर महिन्याला 'मातृभूमीसाठी मिस्सा' करायचे. ऑक्टोबर १९८४ मध्ये गुप्त पोलिसांनी त्यांना पळवून मारलं आणि दगड बांधून व्हिस्टुला नदीच्या जलाशयात टाकलं. वय ३७.

तळटीप

हे सगळं खरं, आणि त्यात एक भर. कामगारांच्या बचावासाठी १९७६ मध्ये समिती उभी केली त्यांत यात्सेक कुरोन्यसारखे निधर्मी डावे होते. ऐंशीच्या दशकात चर्चच्या तळघरांत नाटकं झाली, व्याख्यानं झाली, तिथं देव न मानणारेही येऊन बसायचे. त्या काळातलं चर्च मला खरंच मोठं वाटतं, कारण दारात कुणाला धर्म विचारला जात नव्हता.

१९८९ नंतर तेच चर्च सत्तेच्या शेजारी जाऊन बसलं. १९९० मध्ये धर्मशिक्षण शाळेत परत आलं, १९९३ मध्ये गर्भपाताचा कडक कायदा, २०२० मध्ये घटना न्यायाधिकरणाचा आणखी कडक निकाल, आणि थंडीत रस्त्यावर उतरलेल्या तरुण मुली. त्यात लहान मुलांवरच्या अत्याचारांची दडपलेली प्रकरणं बाहेर आली.

ओडरकाठी

@तळटीप, निषेधाच्या त्या मोर्चांत माझ्या ऑफिसातल्या निम्म्या मुली होत्या. इथं दर वर्षी एका रविवारी चर्चमध्ये किती माणसं आली याची शिरगणती होते. १९८० च्या सुमाराला ज्यांनी यायला हवं त्यांतले निम्मे यायचे, २०२१ च्या मोजणीत आकडा २८ टक्क्यांवर आला. झारला जमलं नाही, कम्युनिस्टांना जमलं नाही, ते तीस वर्षांच्या सत्तेच्या शेजारानं झालं.

तरी १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, इथल्या दफनभूमीत या. त्या मुलीही आजीच्या थडग्यावर दिवा लावायला आलेल्या दिसतात.

शाळामास्तर

@वसईची लेक, झोफिया कोसाकबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. मी तिला एका रकान्यात टाकून मोकळा झालो होतो. @पंचगंगाकाठ, वळिवड्याची माणसं पुढं मायदेशी गेली का?

पंचगंगाकाठ

@शाळामास्तर, फार थोडी. त्यांची गावं युद्धानंतर सोव्हिएत संघात गेली होती, परतायला घरच नव्हतं. बरेच जण इंग्लंडला गेले, काही आफ्रिकेतल्या छावण्यांत, पुढं ऑस्ट्रेलिया, कॅनडा. रिकाम्या कॅम्पात फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. एका उखडलेल्या समाजाच्या बराकीत दुसरा उखडलेला समाज. कोल्हापुरात पोलिश माणसांच्या कबरी आहेत, आणि तिकडं वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

@ओडरकाठी, तुम्ही चेन्स्तोहोवाला गेला असालच. आजीचा प्रश्न तेवढा राहिलाय. गालावरचे वार कसले?

ओडरकाठी

१४३० मध्ये मठावर दरोडा पडला. लुटारूंनी तसबिरीवरचे दागिने ओरबाडले आणि चित्रावर शस्त्र चालवलं, फळी मोडली. राजा याग्येवोनं ती क्राकुवला नेऊन दुरुस्त करवली. चित्रकारांनी चेहरा पुन्हा रंगवला. वार मात्र झाकले नाहीत, अणकुचीदार हत्यारानं कोरून पुन्हा दाखवले, बघणाऱ्याला कळावं म्हणून. तुमच्या आजीला दिसले ते हेच. जवळून बघितलं तर उजव्या गालावर दोन उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक आडवी, अशा आहेत.

पंचगंगाकाठ

म्हणजे तिसरीही आहे. आजी दोनच म्हणायची. आईला आत्ताच फोन करून सांगतो.